एका दमात बोलणारी मामी

माझी मामी श्वास कधी घेते, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. ताईचं, म्हणजे माझ्या मामेबहिणीचं म्हणणं, आई रात्री झोपेत श्वास घेऊन ठेवते आणि दिवसभर पुरवून वापरते. मला हे पटतं. कारण मामी बोलायला लागली की मधे टाचणी खुपसायलाही जागा नसते. 'अगं ऐकलंस का, त्या कोपऱ्यावरच्या शिंपिणीच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मुलगी कोण तर त्याच्याच साहेबाची भाची आणि साहेबाला अजून पत्ताच नाही कारण तो शहाणा त्या दोघांनाच एका बाकावर बसवतो आणि म्हणतो मन लावून काम करा आणि ते मन लावतायत पण कामात नाही...' एवढं सगळं जिना चढता चढता. दोन्ही हातांत पिशव्या. वर पोचल्यावर दम मला लागलेला असतो.

मामी मोठ्या लाँड्रीत कामाला आहे. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जातात, मोठ्या रुळांच्या मशीनमधून इस्त्री होऊन गरम गरम बाहेर येतात. पण त्यांची घडी अजून माणसंच घालतात. दोन बायका, दोन टोकं. चादरीला झटका द्यायचा, ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, मागे जायचं, परत यायचं. मशीनचा आवाज असा की लांबून बोललेलं काही ऐकू येत नाही. कोपरे जुळतात तेव्हा मात्र दोघींची नाकं हातभर अंतरावर असतात. काय सांगायचं ते तेवढ्यात सांगून घ्यायचं. म्हणून आमच्या लाँड्रीत गोष्ट चादरींत मोजतात. कुणी ओल्या फरशीवर घसरून पडलं, ही एका चादरीची गोष्ट. कुणाची सासू रुसून निघून गेली, ही चार चादरींची. मामी एकटीच अशी, की मशीनवर आवाज चढवून दोन्ही टोकांना अखंड बोलते. तिच्या गोष्टीला चादरी पुरत नाहीत, उशांचे अभ्रेही घ्यावे लागतात.

तिच्या समोरच्या टोकाला असायची हंबाई. खरं नाव वेगळं होतं, पण ती 'हं' एवढंच बोलायची, म्हणून हंबाई. तिला स्वतःला हे नाव आवडतं का, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं. ती म्हणाली, 'हं.' वर्षानुवर्षं मामीने बोलायचं आणि कोपरे जुळताना हंबाईने हं म्हणायचं, असं त्यांचं चाललं होतं. मामी म्हणायची, 'माझ्या संसारात दोन माणसं आहेत, एक ऐकत नाही आणि एक बोलत नाही.' ऐकत नाही तो मामा.

मामाविषयी फार सांगण्यासारखं नाही, कारण त्यानेच कधी फार सांगितलेलं नाही. मी त्याच्या बहिणीची मुलगी, त्याच्याकडेच राहणारी आणि त्याच्यावरच गेलेली. लिहायला बसले की थांबत नाही, बोलायला मात्र आळशी. लाँड्रीत मी मळके कपडे वेगळे करायच्या बाजूला असते, तिथे तोंड उघडायची इच्छा तशीही होत नाही.

राहिले जावईबापू. आमची गल्ली उताराला खाली आहे आणि टेकडीवर मोठी घरं आहेत. आम्ही काळे, ते गोरे. आमच्या पणजोबांना कुणीतरी बोटीत घालून इथे राबायला आणलं आणि परत न्यायचं विसरून गेलं, असं मामी सांगते. तर ताईने टेकडीवरचाच एक नवरा शोधला. टेकडीवरचा, पण श्रीमंत नव्हे. तो मासे साठवायच्या शीतगृहात काम करतो. गोरापान, तांबूस केसांचा, आणि हात कायम बर्फासारखे गार. पहिल्या भेटीत मामीने त्याचा हात हातात घेतला आणि ताईला कोपऱ्यात नेऊन विचारलं, 'मनुष्य जिवंत आहे ना गं?' जावईबापूंना ते ऐकू गेलं. ते इतके लाल झाले की मामीची खात्री पटली. तेव्हापासून ते तिचे लाडके, आणि लग्नानंतर आमच्याच घरात राहायला.

मग साथ आली. टेकडीवरची माणसं घरात बसून काम करायला लागली. आम्ही काम घरी कसं आणणार? चादरींचे गठ्ठे दुप्पट झाले, कारण हॉस्पिटलं भरली. आमच्या गल्लीतून बसवाले, सफाईवाले, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बाया, आम्ही लाँड्रीवाल्या, सगळे सकाळी मुकाट कामाला. आम्हाला 'आवश्यक कामगार' म्हणायला लागले. मालकांनी एक दिवस प्रत्येकीला गुलाबाचं फूल दिलं. मास्क पुढच्या आठवड्यात येणार होते, ते त्याच्या पुढच्या महिन्यात आले. मामीने फूल नाकातोंडावर धरून विचारलं, 'हे असं बांधायचं का, साहेब?'

टीव्हीवर एक चष्मेवाला यायचा. खालच्या वस्त्यांमध्येच माणसं इतकी का मरतायत, यावर तो गंभीर चेहऱ्याने बोलायचा. म्हणे त्यांच्या रक्तातच काहीतरी असावं, म्हणे ते फार गर्दीत राहतात. माझं डोकं फिरायचं. मामी टीव्हीला उत्तर द्यायची. 'रक्तात काय असणार रे बाबा, तुझ्या चादरीचा साबण आहे, आणि गर्दीत राहायची आम्हाला हौस आहे होय, दे की तुझी एक खोली, तुझ्याकडे तर कुत्र्यालाही वेगळी आहे.'

लाँड्रीतल्या बायका एकेक करून आजारी पडायला लागल्या. हंबाईही पडली. हॉस्पिटलने फोनवरूनच तपासायच्या आजाऱ्यांसाठी बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा, ऑक्सिमीटर, गल्लीत पाठवला होता. ब्याण्णवच्या खाली आकडा आला तर कळवा, आम्ही गाडी पाठवू, वर असेल तर घरीच पडून राहा. हंबाईचा आकडा कायम छान. मामी रोज संध्याकाळी तिला फोन करायची, लाँड्रीतलं सगळं सांगायची, आणि पलीकडून 'हं' यायचं. एका सकाळी तिची बहीण चहा घेऊन गेली, तर हंबाई गेलेली होती. चिमटा उशाशी होता.

त्या दिवशी मामी कुणाशी काही बोलली नाही. घर इतकं शांत झालं की मामा उठून रेडिओ लावून आला.

आणि काही दिवसांनी मामीला ताप भरला. घर दोन खोल्यांचं. आजाऱ्याने वेगळ्या खोलीत राहावं, असं फोनवरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मामी म्हणाली, 'एका खोलीत मी, एका खोलीत स्वयंपाक, मग बाकीच्यांनी काय भिंतीत राहायचं?' शेवटी आम्ही सगळेच खोकलो, सगळेच बरे झालो, आणि मामी तेवढी अंथरुणावर राहिली. चिमटा लावला की पंच्याण्णव. सकाळी पंच्याण्णव, दुपारी पंच्याण्णव. 'बघा, मला काय धाड भरलीय,' म्हणायची आणि शिंपिणीच्या मुलाचं लग्न कुठवर आलं ते सांगायला लागायची.

हे चालू असताना एका दुपारी मामा स्वयंपाकघरात आला. ताई आणि मी भांडी घासत होतो. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, 'ती थांबतेय.'

'कोण थांबतेय, बाबा?'

'तुझी आई. बोलताना. चार शब्द झाले की थांबते.'

मामाने एवढं लांब बोललेलं आम्ही ताईच्या लग्नातही ऐकलं नव्हतं. आम्ही तिघंही दाराशी जाऊन उभे राहिलो. आतून मामीचा आवाज येत होता. 'आता त्या साहेबाला... सगळं कळलं आणि... तो म्हणतो की...' आणि मग नुसता पंख्याचा आवाज. ज्या बाईने जन्मात कुणाला मधे बोलू दिलं नाही, तिच्या बोलण्यात आता कुणीही पाय पसरून बसेल एवढी जागा होती.

ताईने फोन लावला. डॉक्टरांनी विचारलं, 'आकडा किती?' पंच्याण्णव. 'मग छान आहे. पालथं झोपवा, पाणी द्या.' ताई म्हणाली, 'अहो, पण ती थांबून थांबून बोलतेय.' ते म्हणाले, 'चांगलं आहे की, आजारपणात कमीच बोलावं.' उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. त्यांच्यासमोर आमच्यासारखे शेकडो फोन असणार, हेही खरं. पण आमच्याकडे मामी एकच होती.

आम्ही रागाने तो चिमटा सगळ्यांच्या बोटांना लावून बघायला सुरुवात केली. मला सत्त्याण्णव, मामाला सत्त्याण्णव. जावईबापू नुकतेच शीतगृहातून आले होते, आल्या आल्या दोन ताटं जेवले होते आणि वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचं कपाट एकट्याने हलवून आले होते. त्यांचं गारठलेलं बोट चिमट्यात घातलं. सत्त्याऐंशी! पुन्हा लावलं. शहाऐंशी. मशीनच्या मते घरात मरायला टेकलेलं माणूस एकच होतं आणि ते फळीवरचा डबा शोधत होतं.

आता पुढचं जे झालं ते माझ्या डोक्यातून निघालं. मी म्हटलं, 'यांचं बोट दाखवू या.'

'काय?'

'व्हिडिओ कॉल करू. बोट यांचं, चेहरा मामीचा.'

ताई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला पटलं. मग तिच्या लक्षात आलं. 'अगं, पण रंग?' मी बुटाच्या पॉलिशकडे बघितलं. 'खबरदार,' ताई म्हणाली, 'माझ्या नवऱ्याला पॉलिश लावशील तर.' शेवटी असं ठरलं की उजेड कमी ठेवायचा. चोरी करायची सवय नसलेल्या माणसांना वाटतं की पडदा ओढला की झालं.

जावईबापू पलंग आणि भिंत यांच्या फटीत आडवे झाले. साडेसहा फुटी माणूस, एवढीशी फट. त्यांचे पाय दुसऱ्या बाजूने बाहेर आले, त्यांवर आम्ही टॉवेल टाकला. त्यांनी हात वर करून मामीच्या चादरीखालून घातला आणि तिच्या पोटावर ठेवला. मामी किंचाळली. 'अहो, गार!' एवढेच दोन शब्द तिने त्या दिवशी पूर्ण जोरात उच्चारले असतील. मला हसू फुटलं, ताईलाही. जीव टांगणीला लागलेला आणि आम्ही पदरात, टॉवेलमध्ये, जे मिळेल त्यात तोंड खुपसून हसतोय. रडण्याला आणि हसण्याला आमच्या घरात बहुतेक एकच दार आहे.

फोनवर या वेळी डॉक्टर नव्हते, नर्सबाई होत्या. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, दमलेले, आणि कपाळ आमच्यासारखंच काळं. 'आकडा दाखवा,' त्या म्हणाल्या. मी फोन बोटाजवळ नेला. सत्त्याऐंशी. आम्ही श्वास रोखला.

नर्सबाई आणखी पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, 'जरा तोंडाकडे न्या.' मी फोन मामीच्या तोंडाकडे नेला. 'आता बोटाकडे.' बोटाकडे नेला. कितीही पडदे ओढले तरी ते बोट दुधासारखं दिसत होतं आणि त्यावर तांबूस लव चमकत होती.

'हा हात कुणाचा आहे?'

ताईने माझ्याकडे बघितलं, मी ताईकडे. आणि जन्मभर मूग गिळून बसलेला माझा मामा पुढे झाला आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, 'तिचाच आहे. आजारपणाने फिका पडलाय.'

पलंगाच्या मागून जावईबापूंना ठसका लागला. टॉवेल सरकला आणि दोन प्रचंड गोरे पाय उघडे पडले. नर्सबाईंचे डोळे मिटले, खांदे हलायला लागले, फोन कुठेतरी छताकडे गेला आणि बराच वेळ आम्हाला छतच दिसत होतं आणि हसू ऐकू येत होतं. मागून कुणीतरी विचारलं, 'सिस्टर, काय झालं?' 'काही नाही,' त्या म्हणाल्या, 'एक पेशंट फिका पडलाय.'

मग त्या परत आल्या, डोळे पुसत. 'मामी, तुम्हीच सांगा बघू. हा काय प्रकार आहे? सगळं सांगा, पहिल्यापासून.'

अशी संधी मामीला आयुष्यात कुणी दिली नव्हती. बोल म्हणून सांगणारा माणूस! तिचे डोळे चमकले. ती उठून बसायला गेली. 'अहो सिस्टर... हा हात... आमच्या जावई...' ती थांबली. पुन्हा तोंड उघडलं. 'जावई...' मान खाली गेली. ओठ काळपट निळे दिसत होते, आणि तेवढ्या दोन शब्दांसाठी तिचे खांदे वर-खाली होत होते.

नर्सबाईंचं हसू गेलं. 'मामींचं स्वतःचं बोट लावा,' त्या म्हणाल्या. लावलं. पंच्याण्णव. त्यांनी मान हलवली. 'हा चिमटा गार बोटावर कमी आकडा दाखवतो, आणि काळ्या कातडीवर कधी कधी आहे त्यापेक्षा जास्त. गोऱ्या हातांवर तपासून बनवलेला आहे तो. आम्हाला माहीत आहे. पण नियमात आकडा आहे, कातडीचं काही लिहिलेलं नाही.' मग कुणालातरी ओरडून म्हणाल्या, 'गाडी पाठवा. हो, माझ्या जबाबदारीवर.'

गाडी आली तेव्हा आणखी एक गोंधळ झाला. स्ट्रेचर घेऊन दोघंजण धावत वर आले आणि त्यांना काय दिसलं, तर एक बाई पलंगावर बसून केस नीट करतेय आणि एक गोरा माणूस धुळीने माखलेला, खोकत, पलंगामागून रांगत बाहेर येतोय. त्यांनी त्यालाच उचललं. 'अहो, मी नाही!' जावईबापू ओरडले. 'असंच म्हणतात सगळे,' पुढचा म्हणाला. त्यांना खाली उतरवून मामीला चढवायला ताईला अक्षरशः स्ट्रेचरला लटकावं लागलं. मामी हसत होती. आवाज न करता, छाती धरून, पण हसत होती.

हॉस्पिटलमध्ये मनगटातून रक्त काढून तपासलं. खरा आकडा ब्याण्णवच्या कितीतरी खाली निघाला, तो नर्सबाईंनी ताईला फोनवर सांगितला. आणखी एक रात्र घरी काढली असती तर, असं नर्सबाई म्हणाल्या आणि वाक्य पूर्ण केलं नाही.

मामीला नळी लावली, मास्क लावला. आम्हाला आत सोडत नव्हते. जो काही निरोप यायचा तो नर्सबाईंकडून. मामीचा स्वतःचा पहिला निरोप तिसऱ्या दिवशी आला: तुमची मामी चादरीचा कोपरा हातात घेऊन बघते आणि खुणेने विचारते, ही घडी कुणी घातली? वाकडी आहे म्हणे. त्या दिवशी आमच्या गल्लीत इतकी खसखस पिकली की खिडक्याखिडक्यांतून माणसं डोकावून विचारायला लागली. ज्या बाईला चादरीची घडी खुपते ती कुठे जात नाही, असं वरच्या म्हातारीने जाहीर करून टाकलं. मामा मात्र मोरीत जाऊन तोंड धूत राहिला, बराच वेळ.

ती परत आली तेव्हा जिना चढायला तिला मधे बसावं लागलं. बसल्या बसल्या तिने फोन मागितला. आणि तेव्हापासून तिचा एक नवा उद्योग सुरू झाला. गल्लीत कुणाला ताप आला की मामीचा फोन. 'आकडा सांगू नकोस मला, आकडा गेला खड्ड्यात. काल सकाळपासून काय काय केलंस ते सांग, आणि मधे थांबायचं नाही.' अडखळला की लगेच नर्सबाईंना फोन. पुढे पुढे नर्सबाईच विचारायला लागल्या, 'मामी, आज कुणी अडखळलं का?' बसवाल्या काकांना तिने असंच गाडीत घातलं. ते नको नको म्हणत होते. आज बस चालवतायत आणि तिला बघितलं की हॉर्न देतात.

'बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात,' ताई एकदा गमतीने म्हणाली. मामी हसली नाही. मला तेव्हा कळलं नाही का ते.

कळलं ते ती कामावर परत आली त्या सकाळी. मुकादमाने मला मळक्या कपड्यांकडून उचलून घडीच्या मशीनवर टाकलं, मामीच्या समोर, हंबाईच्या जागेवर. पहिली गरम चादर आली. आम्ही झटका दिला, ताणली, मामीने गोष्ट सुरू केली. पूर्वीसारखी धावत नव्हती गोष्ट, पण चालत होती. शिंपिणीच्या मुलाचा साहेब शेवटी लग्नाला तयार झाला होता आणि अट अशी घातली होती की दोघांनी वेगवेगळ्या बाकांवर बसायचं. आम्ही चालत जवळ आलो, कोपऱ्याला कोपरा लागला, आणि मी माझ्या सवयीने म्हटलं, 'हं.'

मामी थांबली. चादर आमच्या दोघींच्या हातात तशीच राहिली. मागे मशीन पुढच्या चादरी ओकत होतं आणि मुकादम बोंबलत होता.

'तसं नको म्हणूस,' ती म्हणाली.

'कसं?'

'हं नको म्हणूस मला.' तिचा आवाज मशीनखाली दबला, म्हणून मी आणखी जवळ गेले. 'ती पण हंच म्हणायची. मी रोज फोन करायचे गं. रोज मी बोलायचे, ती हं म्हणायची, आणि मी म्हणायचे, चला, बरी आहे. तो चिमटाही बरी आहे म्हणत होता. एक हं म्हणायला किती श्वास लागतो? मेलेल्या माणसालाही जमेल.' तिने बाहीने डोळे पुसले. 'तू बोल. काहीही बोल. पण लांब बोल.'

आमच्या घराण्यात बोलायची रीत नाही. चादर गार व्हायला लागली होती. मी एक मोठा श्वास घेतला.

'अगं मामी, ऐकलंस का, तुला गाडीत घालून नेलं ना त्या दिवशी, तर जावईबापूंचा हात इतका भरून आला होता की त्यांना चमचाही धरता येईना आणि ताई त्यांना भरवत होती आणि मामा समोर बसून एकटाच हसत होता आणि म्हणत होता फिका पडलाय, फिका पडलाय, आणि मग तोच रडायला लागला आणि जावईबापूंनी त्या गार हाताने त्याची पाठ थोपटली तर तो दचकून खुर्चीवरून पडला आणि...'

आम्ही मागे गेलो, परत आलो. कोपरे जुळले. मामी आधी माझ्या छातीकडे बघत होती, मग माझ्या तोंडाकडे.

'पुढे?' ती म्हणाली.